जेंबर आजीची दोन दुकानं

जावा बेटावरच्या केदुंगसारीची कापडगिरणी बंद पडली तेव्हा गावात सगळ्यात आधी पोचले ते फ्रँचायझीवाले. सरकारी माणसं नंतर आली, बातमीदार त्याहून नंतर आले, आणि गिरणीचे मालक तर आलेच नाहीत. फ्रँचायझीवाल्यांचं नाक तयार असतं. कुठल्या गावातल्या कामगारांच्या हातात भरपाईची रक्कम पडणार याचा वास त्यांना त्या कामगारांच्या बायकांच्याही आधी लागतो. कुणी गारेगार चहाच्या गाड्या घेऊन आलं, कुणी चीज भुरभुरलेली केळी, कुणी पिण्याचं पाणी भरायची यंत्रं. गिरणी चालू असताना या माणसांना जगवायला एक गिरणी पुरत होती. बंद पडल्यावर डझनभर कंपन्या त्यांच्या भल्यासाठी धावून आल्या.

कास्नो हा त्या गिरणीतल्या मागांच्या एका रांगेचा मुकादम. चौकड्यांच्या सारोंगचं, म्हणजे लुंगीचं, कापड विणण्यात त्याचं तारुण्य आणि त्यापुढचं बरंचसं आयुष्य गेलं होतं. स्वभावाने शांत, पोटाने थोडा पुढे, आणि बोलण्यात इतका भिडस्त की त्याच्या पायावर कुणी पाय दिला तर तोच आधी माफी मागायचा.

गावच्या सभागृहात 'जेंबर आजी' या तळलेल्या कोंबडीच्या कंपनीची सभा भरली, त्यात तो दुसऱ्या रांगेत बसला होता. व्यासपीठावर रेंद्र नावाचा एक तरुण. बूट असे चकचकीत, की गावातल्या रस्त्यांशी त्यांचा काही संबंध नसावा.

"आजवर नोकर होतात," तो म्हणाला. "आता सगळ्यांनी माझ्यामागे म्हणा, मी मालक आहे!"

"मी मालक आहे!" सगळे म्हणाले. मालक व्हायचा हुकूमही त्यांनी नोकरासारखाच पाळला.

सभा संपल्यावर कास्नोने हळूच विचारलं, "या आजी कुठल्या म्हणायच्या?" फलकावर अंबाडा घातलेली, दात दाखवून हसणारी एक गुबगुबीत म्हातारी होती.

"आजी म्हणजे एक भावना आहे, पाक कास्नो," रेंद्र म्हणाला. 'पाक' म्हणजे 'राव'.

कास्नोला भावना परवडेल असं वाटलं. त्याने भरपाईची रक्कम दिली आणि बदल्यात एक ठेला, एक तळणी, काचेची पेटी, नारिंगी टोपी आणि म्हातारीचा फलक घेतला. कोंबडी आणि पीठ कंपनीकडूनच घ्यायचं, दुसरं काही विकायचं नाही, अशी अट होती.

"कोंबडी तळायला कंपनी कशाला लागते?" त्याची बायको वार्तिनी म्हणाली.

"त्यांच्या पिठात गुपित आहे."

वार्तिनीने पिठात बोट बुडवून चाटलं. "मीठ आणि मिरपूड," ती म्हणाली, आणि हे गुपित तिने शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही.

दुकान उघडलं त्या दिवशी रांग लागली. केदुंगसारीत ही रीतच आहे. शेजारपाजाऱ्याने, ओळखीच्याने नवं दुकान टाकलं की पहिल्या दिवशी जाऊन भवानी करायची. माल हवा असो नसो. खिळ्यांचं दुकान असेल तर चार खिळे घ्यायचे. कास्नो स्वतः आयुष्यभर अशा रांगांत उभा राहिला होता. नको असलेल्या चपला, नको असलेला साबण, एकदा तर बांगड्या घेऊन घरी आला होता. अशा रांगेचा अर्थ त्याला पाठ होता. पण रांग आपल्या दारात लागली की माणसाचं पाठांतर जातं. घामाने डबडबलेला कास्नो बायकोच्या कानात म्हणाला, "बघितलंस? लोकांना चव आवडली."

"अजून कुणी खाल्लं कुठंय?" वार्तिनी म्हणाली.

रेंद्रने त्या रांगेचा फोटो काढला. पुढे टोपी घातलेला कास्नो, मागे गाव.

दुसऱ्या दिवशी शेजारधर्म संपला होता. तिसऱ्या दिवशी एक ट्रकवाला आला, तो रस्ता विचारायला. त्यानंतरच्या आठवड्यांत कास्नोच्या घरात दोन्ही वेळा तळलेली कोंबडी होऊ लागली. आधी मुलीने तोंड फिरवलं, मग वार्तिनीने, मग गल्लीतल्या मांजरांनी. अन्नासाठी लाचार होणारा प्राणी म्हणून मांजराची ख्याती आहे, पण तीही दुपारी ठेल्यासमोरून जाताना पलीकडच्या बाजूने जायची, ओळख दाखवावी लागू नये म्हणून.

अशात कंपनीची भित्तिपत्रकं छापून आली. 'काल कामगार, आज मालक!' आणि खाली टोपीतला कास्नो, मागे ती रांग. गावच्या भिंतींवर, बसथांब्यावर, मशिदीच्या वळणावरच्या खांबावर कास्नो हसत होता. एक त्याच्या ठेल्याच्या मागेच रेंद्रने स्वतःच्या हाताने चिकटवलं. खराखुरा कास्नो त्याखाली बसून माशा वारायचा.

आणि मग एका दुपारी गियार्तो आला.

गियार्तो म्हणजे कास्नोच्याच रांगेत मागांवर काम केलेला त्याचा जोडीदार. वयाने थोडा लहान, म्हणून कास्नोला 'कांग' म्हणायचा, म्हणजे थोरला भाऊ. मागांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून दोघे एकमेकांचे ओठ वाचून बोलत. ही सवय इतकी मुरली की गिरणीबाहेर, अगदी शांत जागीही, दोघे समोरासमोर बसून एकमेकांच्या तोंडाकडे टक लावून बोलायचे. वार्तिनी म्हणायची, नवीन लग्न झालेली माणसंही अशी बघत नाहीत.

"माझा फोटो छापलाय," गियार्तो बाकावर बसत म्हणाला. "तुझ्या मागून चौथा. मला न विचारता. मी कंपनीवर खटला भरणारे."

"तुझा फक्त कान आलाय."

"माझा कान ओळखणारी माणसं आहेत गावात."

वार्तिनीने गोड चहाचे दोन पेले आणून ठेवले आणि ती मागे भांडी घासायला बसली. दोघांनी लवंगेच्या सिगारेटी पेटवल्या. गिरणीच्या यंत्रांना भंगारवाला किती भाव देतोय यावर बोलून झालं. कुणाच्या गुडघ्याचं काय, कुणाच्या मुलीचं कुठे जमलं, हेही झालं. जावाच्या माणसाला मुद्द्यावर यायला वेळ लागतो. त्याला घाईने मुद्द्यावर येणं म्हणजे पाहुण्याच्या अंगावर धावून जाण्यासारखं वाटतं.

"कांग," शेवटी गियार्तो म्हणाला, "माझे पैसे अजून तसेच पडून आहेत. तो रेंद्र रोज घरी येतो. बायको, मुर्याती, म्हणते शेळ्या घेऊया. शेळीला कंपनी लागत नाही म्हणते. मला काही कळत नाही. तू सांग. धंदा कसा चाललाय?"

मागे भांड्यांचा आवाज थांबला.

आता इथे कास्नोची बाजू समजून घ्यायला हवी. धंदा कसा चाललाय या प्रश्नाला केदुंगसारीत एकच उत्तर असतं. 'उत्तम' म्हटलं तर ती बढाई होते. 'वाईट' म्हटलं तर समोरचा खिशात हात घालतो, आणि तो घालू नये म्हणून आपल्याला त्याचा हात धरावा लागतो, मग दोघांचीही झोप जाते. शिवाय डोक्यावर तो दुसरा कास्नो हसत होता. आणि 'तू घेऊ नकोस' म्हटलं तर गियार्तोला वाटायचं, सगळी कोंबडी याला एकट्यालाच विकायची आहे. एवढा सगळा विचार कास्नोच्या मनात आला असं मात्र नाही. हे सगळं त्याला नंतर सुचलं. त्या क्षणी त्याच्या तोंडून, शिंक यावी तसं, निघून गेलं.

"बरं चाललंय."

गियार्तोने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तळणीकडे पाहिलं. मग पुन्हा तोंडाकडे पाहिलं.

"मग बरंच आहे," तो म्हणाला, आणि चहा संपवून उठला.

तो वळणावरून दिसेनासा झाल्यावर वार्तिनी हात पुसत बाहेर आली.

"अहो, काय चाललंय म्हणालात?"

"बोलायची पद्धत असते."

"त्याच्या बायकोच्या शेळ्या आहेत त्या, पद्धत नाही. उद्या जाऊन सांगून या."

कास्नो गेला. अगदी दुसऱ्याच दिवशी, धुतलेला सदरा घालून गेला. वाटेत वाक्यही तयार केलं होतं: गियार, काल मी बोललो त्यात तथ्य नाही. पण गियार्तोच्या ओटीवर त्याचे सासरे बसले होते, दोन शेजारी बसले होते, आणि कास्नोला बघताच गियार्तो उठून म्हणाला, "हे बघा, नाव काढलं आणि आलाच. याच्याकडे बघून मला हिंमत झाली."

सासऱ्यांनी दोन्ही हातांनी कास्नोचा हात धरला. मुर्यातीने तळलेली केळी आणून ठेवली. ती बारीक चणीची, कमी बोलणारी बाई. बशी ठेवताना तिने कास्नोकडे एकदा नीट पाहिलं, विचारल्यासारखं. कास्नोने केळं उचललं. ते संपेपर्यंत बोलता येत नव्हतं, आणि संपलं की सासरे दुसरं पुढे करत होते. शेवटी संध्याकाळच्या मगरिबची बांग झाली, सगळे नमाजाला उठले. माणसाला खरं बोलण्यापासून वाचवायला एवढी सज्जन माणसं एका ओटीवर क्वचितच जमतात.

"सांगितलंत?" वार्तिनीने विचारलं.

"माणसं होती."

"मग काय ओसाड घर शोधून सांगणार होतात?"

त्याने मोबाइलवर लिहून पाहिलं. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, ते फार उघडं वाटलं म्हणून मऊ केलं, आणि मऊ करता करता त्यात काही उरलंच नाही. शेवटी त्याने झोपलेल्या मांजराचं एक चित्र पाठवलं. गियार्तोने अंगठा पाठवला. त्याच आठवड्यात त्याने कंपनीला पैसे दिले.

गियार्तोचं दुकान बाजारापलीकडे, रेल्वे फाटकाजवळ उघडलं. तीच म्हातारी, तेच दात. पहिल्या दिवशी कास्नो ठेला बंद ठेवून भवानीला गेला आणि आपणच रोज तळतो ती कोंबडी पैसे देऊन घेतली. गियार्तोने त्याला एक तुकडा जास्तीचा घातला.

पुढचं सांगायला फारसं नाही, कारण फारसं काही घडलंच नाही. न घडणं हाच त्या धंद्याचा स्वभाव होता. कंपनीने पिठाचा भाव वाढवला. रेंद्रला बढती मिळून तो दुसऱ्या जिल्ह्यात गेला, जिथे नुकतीच एक बुटांची फॅक्टरी बंद पडली होती. कास्नोने आधी हार मानली. ठेला घराच्या मागे नेऊन ठेवला, त्यावर वार्तिनी कपडे वाळत घालू लागली, आणि तो किराणा दुकानासमोर शिट्टी वाजवून गाड्या लावून देण्याचं काम करू लागला. येणाऱ्या गाडीला ये ये म्हणायचं आणि जाणाऱ्या गाडीला जा जा म्हणायचं. मुकादमकीहून फार वेगळं नव्हतं.

गियार्तो मात्र टिकून राहिला. त्याने सावली धरली, खुर्च्या आणल्या, पोरांसाठी फुगे बांधले. मग मोटारसायकल विकली. मग मुर्यातीच्या कानातलं गेलं. कास्नो दिसला की तो लांबूनच हात करायचा, आणि कास्नो जोरात शिट्टी वाजवायचा, जणू फार गाड्या आल्यात.

एक दिवस कळलं, मुर्याती तैवानला चालली आहे. तिथल्या कुणा अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याची देखभाल करायला. करार तीन वर्षांचा. एजंटच्या घरी राहून ती तिथली भाषा शिकून आली होती. आजोबा, जेवलात का. आजोबा, कूस बदलायची का. आजोबा, दुखतंय का. स्वतःसाठी काही मागायचं झालं तर ते कसं म्हणायचं, एवढं शिकवायला एजंटला वेळ मिळाला नव्हता.

एजंटची गाडी तालुक्याच्या बसतळावरून सुटणार होती. सासऱ्यांना प्रवास झेपेना, मुलगा जकार्ताला कामावर. म्हणून ट्रंक घेऊन तिला शेजाऱ्याने सोडलं आणि गियार्तोला कास्नोने आपल्या मोटारसायकलवर बसवून नेलं. तळावर तिच्यासारख्या आणखी पाचसहा जणी होत्या, सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाची जाकिटं. मुर्यातीने नवऱ्याच्या सदऱ्याचं बटण लावून दिलं. मग कास्नोकडे वळून दोन्ही हात जोडून म्हणाली, "कांग, यांच्याकडे लक्ष ठेवा. तुमचं ऐकतात."

ती गाडीत बसली. खिडकीची काच काळी होती, त्यामुळे ती हात हलवतेय की नाही ते कळलं नाही. दोघांनी सगळ्याच खिडक्यांकडे बघून हात हलवले.

परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना ऊस होता. कास्नो पुढे, गियार्तो मागे. तोंड दिसत नाही हे बरं होतं. मैलभर गेल्यावर कास्नो समोर बघत म्हणाला,

"गियार, तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो."

एक ट्रक गेला.

"धंदा बरा नव्हता. तेव्हाच नव्हता. तू यायच्या आधीपासूनच."

"ठाऊक होतं."

"काय?"

"ठाऊक होतं म्हटलं. तुझं तोंड वाचण्यात माझं आयुष्य गेलं, कांग. ओठ म्हणत होते बरं चाललंय. बाकीचं तोंड काही ओठांबरोबर नव्हतं. आणि तळणीतलं तेल कसं, तळ दिसत होता त्यातून. गिऱ्हाईक असलेलं तेल असं असतं होय?"

कास्नोने गाडी कडेला घेतली आणि बंद केली. आता वळून बघणं भाग होतं. गियार्तो अजून मागच्या जागेवर तसाच बसला होता, हात गुडघ्यांवर ठेवून.

"मग घेतलंस कशाला?"

गियार्तोला प्रश्नाचंच नवल वाटलं. शिकवावी न लागणारी गोष्ट कुणी विचारावी तसं.

"तू बरं चाललंय म्हणालास. त्यानंतर मी घेतलं नसतं तर तुला कळलं असतं, की मला कळलंय. मग काय केलं असतंस? रोज रस्त्यात मला बघून मान खाली घालायची? आपण शेजारशेजारच्या मागांवर म्हातारे झालो. तुला तसं बघवलं नसतं मला."

"माझी मान खाली जाऊ नये म्हणून?"

"त्या वेळी एवढं मोठं वाटलं नाही ते. वाटलं, जाऊन जाऊन थोडे पैसे जातील."

"आणि मुर्यातीला काय सांगितलंस?"

"सांगितलं, कांग म्हणतोय."

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली, शेळ्या बऱ्या होत्या. मग म्हणाली, कांग म्हणत असतील तर बघा."

कास्नो रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला. आपण एक खोटं बोललो म्हणून त्याची झोप उडाली होती, आणि त्या खोट्याला फसलेला कुणी नव्हताच. फसला असता तर निदान शिवी तरी दिली असती.

"शिवी दे मला," तो म्हणाला.

"इथे?"

"इथे."

गियार्तोने खरंच थोडा विचार केला. "सुचत नाही," तो म्हणाला. "गाडी चालू कर. उसातली माणसं बघतायत, त्यांना वाटेल पेट्रोल संपलं. मदतीला येतील."

माणसं मदतीला येतील म्हटल्यावर कास्नो घाईने उठला.

घरी पोचल्यावर गियार्तो म्हणाला, "आत ये. चहा टाकतो." मुर्याती सकाळी झाडून, अंथरुणं घडी करून गेली होती. स्वयंपाकघरात दोघे पुरुष उभे राहिले. कास्नोने गॅस पेटवून पाणी ठेवलं. गियार्तोने मोबाइल काढला.

"हां, मुर्याती. कुठवर पोचलात?... बरं. अगं, साखर कुठे असते?"

"फळीवर. हिरवा डबा." मोबाइलमधून गाडीची घरघर ऐकू येत होती.

हिरवा डबा गियार्तोच्या नाकासमोर होता. त्याचा एक हात त्या डब्यावरच होता.

"दिसत नाही," तो म्हणाला.

"नीट बघा. डावीकडे."

"हां. सापडला. आणि चहाची पूड?"

"त्याच्या शेजारी."

"आणि भाताला पाणी किती घालायचं? संध्याकाळी लावीन म्हणतो."

"तांदळाच्या वर पेरभर. बोट घालून बघायचं."

"कुठलं बोट?"

मग मुर्याती सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं सांगू लागली. कुठलंही चालेल, पण मधलं बरं, टोक तांदळाला टेकवायचं, दाबायचं नाही, आणि पहिल्या रेघेपर्यंत पाणी आलं की थांबायचं. गियार्तो प्रत्येक वाक्याला हां हां करत होता, आणि ती थांबेल असं वाटलं की पुन्हा काहीतरी विचारत होता. कोंबड्या कधी कोंडायच्या. पाण्याचं पिंप कुठल्या दिवशी धुतात. मागच्या दाराची कडी अडकते ती कशी ओढायची.

पातेल्यातलं पाणी आटत आलं होतं. कास्नोने हात पुढे करून गॅस बंद केला, आवाज होऊ न देता, आणि तो बाहेर ओटीवर जाऊन बसला.